आत्याच्या आवाजासाठी थेट परदेशातून

१२ जानेवारी, सोमवार

दुरुस्ती. काल लिहिलं की आत्याच्या ऑपरेशनचं ऐकून दादा रडवेला झाला. चूक. रडवेली मी झाले होते. दादाने फक्त चष्मा पुसला, तोही सदऱ्याच्या टोकाने. त्याने काच आणखी मळते, हे त्याला चाळिशी आली तरी कळलेलं नाही.

आदल्या दिवशीची चूक दुरुस्त केल्याशिवाय आजचं लिहायचं नाही, हा आत्याचा नियम. अकरा वर्षांची होईपर्यंत मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. आत्यानेच घरी शिकवलं. तिच्या नियमाने माझं कधी वाईट झालेलं नाही. छापखान्यात प्रूफं तपासून पोट भरते ते त्याच्याच जोरावर.

आता मुद्दा. २० मार्चला आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, जिवाला काही नाही, पण आवाजाचं सांगता येत नाही. राहील, बदलेल, किंवा कुजबुजीवर येईल.

आणि अकरा बेटांची गोष्ट अर्धवट आहे. पोस्टमन पाण्याला घाबरतो, म्हणून एक शेळी अकरा बेटांवर टपाल पोचवते. चुका असलेली पत्रं ती वाटेतच खाऊन टाकते. आत्याने मला अपूर्णांक, नद्या, विभक्ती, सगळं या शेळीच्या मागे चालवत शिकवलं. रोज दुपारी अर्धा तास, सहा वर्षं. कुठे लिहिलेली नाही. शेळी नवव्या बेटावर होती तेव्हा मला शाळेत घातलं. दहावं आणि अकरावं राहिलं. सोळा वर्षं राहिलेलंच आहे.

लिहून काढ म्हटलं तर आत्या म्हणाली, लिहायला बसले की मी मास्तरीण होते गं, बोलायला बसले की शेळी.

संकल्प: दोन्ही बेटं आत्याच्या आवाजात रेकॉर्ड करायची. २० मार्चच्या आत. नीट.

दादा म्हणाला, मोबाइल समोर ठेव, बटण दाब. ही माणसं. याच्या लग्नाच्या, मोबाइलवरच काढलेल्या व्हिडिओत मंगलाष्टकांच्या वेळी फक्त पंखा ऐकू येतो.

१३ जानेवारी, मंगळवार

दुरुस्ती. दादाला चाळिशी आलेली नाही. छत्तीस पूर्ण.

ऑफिस सुटल्यावर बाजारातल्या साउंडवाल्याकडे. काचेच्या कपाटात धूळ खात पडलेले माइक. एक काढून म्हणाला, ताई, आत्याबाईंसाठी ना, न्या घरी दोन दिवस, वापरून परत आणा, पैशाचं नंतर बघू. परकी वस्तू वापरून परत द्यायची. आणि ओरखडा पडला तर? शिवाय हा माइक तो मागवतो परदेशी कारखान्यातूनच. मग मधे हा कशाला? कपाटाला भाडं द्यायला?

तसं सभ्य भाषेत सांगितलं. तो म्हणाला, खुशाल मागवा थेट, फक्त बिघडला तर दाखवायलाही थेट तिकडेच जावं लागेल.

अशाच लोकांमुळे व्यापार मागे राहतो.

१७ जानेवारी, शनिवार

ठरलं. तेवीस माइकांचा तक्ता केला, नऊ रकाने. अभिप्राय सगळे वाचले, एक हजार तीनशे बारा. 'खोका छान होता' म्हणून पाच तारे देणारे लोक जगात मतदानही करतात.

विक्रेत्याचं रेटिंग उत्तम. ऑर्डर दिल्या दिल्या निरोप: डियर फ्रेंड, युवर हॅपी इज अवर हॅपी. त्याच्या पानावर स्पेलिंगच्या सहा चुका होत्या, त्या कळवल्या. उत्तर: डियर फ्रेंड, थँक यू, व्हेरी नाइस. दुरुस्त केल्या नाहीत.

तीन आठवड्यांत येईल. म्हणजे ७ फेब्रुवारी. हातात चाळीस दिवस राहतात. दोन बेटांना चाळीस दिवस. घाई करणाऱ्या लोकांची मला नेहमी कीव येते.

२४ जानेवारी, शनिवार

आत्याकडे गेले. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, दहाव्या बेटावर शेळी कशी पोचली सांगू का?

मी दोन्ही हात पुढे केले. थांब. पहिल्यांदा सांगताना आवाजात जो ताजेपणा असतो तो वाया जाईल. माइक आल्यावरच.

आत्या म्हणाली, ताजी राहायला ती काय भाजी आहे? आणि मी आज आहे, उद्याचं कोणी बघितलंय?

हे भावनेच्या भरात बोलणं. तिला पाणी प्यायला दिलं आणि कमी बोल म्हणून सांगितलं. आवाज जपायला हवा. आत्याने राहिलेल्या घड्या घातल्या. चादर दोनदा उलगडून पुन्हा घातली.

२ फेब्रुवारी, सोमवार

डियर फ्रेंडचा निरोप. माल निघाला. आणि वर फुशारकी: तुझा कर वाचावा म्हणून कागदावर 'प्लास्टिकचं खेळणं, भेट' असं लिहिलंय, किंमत दहावा हिस्सा.

माझ्या नावावर खोटं. सरकारी कागदावर. अजून देशात न आलेलं, पण येऊ घातलेलं.

दिवसभर प्रूफात मन नाही. एका पानावर 'आणि आणि' तसंच सुटलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुरुस्ती. 'आणि आणि' सुटलं नव्हतं. मशीनवर जायच्या आत मीच धावत जाऊन थांबवलं. मशीनवाला म्हणाला, एका आणिने कोणी मेलेलं नाही. मशीनवालेच असं म्हणू शकतात.

कस्टम ऑफिसला पत्र लिहिलं. चार पानं. वस्तू खेळणं नसून माइक आहे, भेट नसून विकत आहे, खरी किंमत ही, सोबत पावती. त्याबरोबर स्पंजची एक टोपी फुकट येणार आहे, तिची अंदाजे किंमतही कळवली. हाताने नेऊन दिलं, पोच घेतली.

दादा म्हणाला, लोक आपल्या पायावर धोंडा मारून घेतात ते माहीत होतं, तू धोंड्याचं वजनही आगाऊ कळवलंस.

त्याला मी लक्षात ठेवणार आहे. माझा माल सगळ्यांत आधी सुटेल तेव्हा.

११ फेब्रुवारी, बुधवार

कस्टम ऑफिसात बोलावणं. रजा काढली. लांबलचक हॉल, एका बाजूला बारा खिडक्या, त्यांपैकी माणसं चारांत. खुर्च्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या, जणू पळून जाणार होत्या.

पहिल्या खिडकीतल्या कारकुनाने माझं पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग शेजारच्याला दाखवलं. त्याने तिसऱ्याला बोलावलं. मग म्हणाला, बाई, इथे लोक खोटं लपवायला येतात. खरं सांगायला आलेल्यांसाठी आमच्याकडे खिडकी नाही.

चार नंबरला पाठवलं. चारने नऊला. नऊ नंबर जेवायला गेलेला.

जेवून आल्यावर नऊ म्हणाला, खोट्या माहितीची तक्रार आली की चौकशी लावावीच लागते. मी म्हटलं, तक्रार नाही, दुरुस्ती आहे. तो म्हणाला, दुरुस्तीचा रकाना नाही, तक्रारीचा आहे. पार्सल अडकलं. सोडवायचं तर विक्रेत्याने लिहून द्यायचं की आपण खोटं लिहिलं होतं.

त्यांच्या अर्जात सातवं कलम दोनदा आहे, हे दाखवून दिलं. म्हणाला, बारा वर्षं लोक दोन्ही सातवी भरताहेत, एकाचंही अडलं नाही.

माझं अडलं. पण माझं तत्त्वावर अडलंय. त्यात फरक आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

विक्रेत्याला सविस्तर लिहिलं. उत्तर तासाभरात: फ्रेंड, व्हाय यू टेल देम.

'डियर' गेलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

त्याचं प्रमाणपत्र आलं. मजकूर: 'हे खेळणं खेळणं नाही.' खाली सही, शिक्का. निरोपात आता नुसतं 'मॅडम'.

ते घेऊन नऊ नंबरकडे. तो म्हणाला, उशीर झाला, वस्तू खेळणी तपासणाऱ्या विभागाकडे गेली. खेळणं म्हणून आलंय ना. मी म्हटलं, खेळणं नाही हे आता लेखी आहे. तो म्हणाला, तेच ते तपासणार. लहान मूल ही वस्तू गिळू शकतं का, याचा अहवाल आला की मिळेल.

हॉलमध्ये एक जण सहा खोकी ढकलत शीळ घालत बाहेर गेला. त्याच्या कागदांवर काय काय लिहिलं असेल याची मला कल्पना आहे.

आत्याचा फोन. आवाज बसलेला. म्हणाली, तुझं यंत्र आलं की मला आधी कळव, म्हणजे मी मरायचं पुढे ढकलेन. म्हटलं, फोनवर बोलू नकोस, आवाज जप. तिने फोन ठेवला. बरोबर केलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज विजय. माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी आली. ही मुद्दाम दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवली होती. सगळा भरवसा एका माणसावर टाकू नये. कागदावर 'ऑडिओ पेटी' असंच लिहिलं होतं, किंमतही खरी. चार दिवसांत सुटली. म्हणजे प्रामाणिकपणाचा फायदा होतो, हे सिद्ध.

तिची पिन आपल्या भिंतीत जात नाही. तीन पाती, तिरकी.

नाइलाजाने साउंडवाल्याकडे. त्याने खण उघडला, जोडपिन काढली, हातावर ठेवली. पैसे घेईना. मी बिल मागितलं. म्हणाला, ताई, खणातल्या कचऱ्याचं बिल नसतं. शेवटी त्याने लिहून दिलं: 'एक पिन, फुकट.' तारीख घातली नव्हती, ती घालून घेतली.

मग विचारलं, आत्याबाईंचं कुठवर आलं? गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसायची दुकानदारांना फार हौस.

५ मार्च, गुरुवार

अहवाल आला. लहान मूल माइक गिळू शकत नाही. सोबत आलेली स्पंजची टोपी मात्र गिळू शकतं, म्हणून ती जप्त.

माइक हातात. खरंच सुंदर. काळा, जड, थंड. घरी आल्यावर स्वयंपाकघरात ठेवून एक तास शांतता रेकॉर्ड केली. शेजारच्यांच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. दादाच्या मोबाइलमध्ये येईल का हे?

पंधरा दिवस आहेत. दोन बेटं. भरपूर.

७ मार्च, शनिवार

आत्या सकाळीच रिक्षाने आली. म्हणाली, आले मी, लाव तुझं यंत्र.

खोली तयार नव्हती. चार भिंतींना गाद्या उभ्या करायच्या होत्या, खिडकीला रजया, दाराखालच्या फटीत टॉवेल. आत्या बाहेर स्टुलावर बसली. दोन तासांनी डोकावून म्हणाली, पोरी, मला सांगायची आहे गोष्ट, पुरायची नाही. मग घरी गेली.

गाद्या चौथ्या प्रयत्नात उभ्या राहिल्या. आता आत टाळी वाजवली तर टाळी तिथेच मरते. उत्कृष्ट काम.

१४ मार्च, शनिवार

आजपासून रेकॉर्डिंग. सोमवारपासून आत्याला मौन आहे, ऑपरेशनच्या आधी गळ्याला विश्रांती म्हणून. म्हणजे आज आणि उद्या.

आत्या आत, मी दाराबाहेर हेडफोन लावून. आवाज किती जातोय ते दाखवणारा काटा माझ्यासमोर. बाजूला नोंदवही: वेळ, दोष, कारण. अशी शिस्त असेल तरच काही होतं.

पहिलं वाक्य: तर शेळी दहाव्या बेटावर उतरली.

थांबवलं. बांगडी.

बांगड्या काढल्या. पुन्हा. थांबवलं, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. पुन्हा. आवंढा. पुन्हा. रस्त्यावर हॉर्न. पुन्हा. आत्याचं पोट वाजलं. आत्या म्हणाली, पोट माझं वयाने मोठं आहे, त्याला गप्प कर म्हणून मी नाही सांगणार.

विसाव्या प्रयत्नानंतर म्हणाली, तू 'मग?' म्हण. लहानपणी म्हणायचीस. गादीला गोष्ट सांगता येत नाही गं. मी समजावलं, माझं 'मग' रेकॉर्ड झालं तर आत्याचा शुद्ध आवाज मिळणार नाही. बाहेर बसून मान हलवेन. ती म्हणाली, तुझी मान मला भिंतीतून दिसते का?

चाळीस वेळा पहिलं वाक्य झालं. आवाज फाटायला लागला तेव्हा थांबलो. पहिलं वाक्य आता जवळजवळ निर्दोष आहे.

दादा न्यायला आला होता. वही बघून म्हणाला, यात गोष्ट कुठे आहे? त्याला रकानेच वाचता येत नाहीत.

१५ मार्च, रविवार

झालं. दादा, साउंडवाला, कस्टमचा नऊ नंबर, सगळ्यांनी ऐका. झालं.

आत्या आत शिरतानाच म्हणाली, आज घर कोसळलं तरी मी थांबणार नाही, तूही थांबवू नकोस. दार लावून घेतलं. दारातलं माझं बोट थोडक्यात वाचलं.

सुरुवात केली. पहिलं वाक्य होतंय तोच न्हाणीघरातला नळ ठिबकला. लगेच पॉज केलं, नोंद केली, नळ घट्ट बंद करून आले, हेडफोन लावला. आत्या बोलतच होती. बोलू दिलं. मोठं मन करावं लागतं कधी कधी.

बावन्न मिनिटं. सलग. मी बावन्न मिनिटं काट्यावरून नजर हटवली नाही. असा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. प्रत्येक श्वास वेगळा. एका ठिकाणी काटा लाल रेषेला जाऊन आला. शेवटच्या पाच मिनिटांत उणे तीसच्याही खाली, इतका बारीक आवाज, पण यंत्राची गुणगुण अजिबात नाही.

आत्या बाहेर आली तेव्हा डोळे लाल. विचारलं, कशी वाटली शेवटी शेळी? मी म्हटलं, अप्रतिम, 'स' आणि 'श' कुठेही टोचत नाहीत.

तिने काढून ठेवलेल्या बांगड्या हातात घातल्या. मग पाणी मागितलं.

गोष्ट मी सावकाश ऐकणार आहे, ऑपरेशन झाल्यावर. आज गोष्टीत गुंतले असते तर काट्याकडे कोणी बघितलं असतं? पहिलं कर्तव्य आवाजाचं.

१७ मार्च, मंगळवार

संगणकात रविवारची फाइल चार सेकंदांची दिसते. चुकीच्या ठिकाणी जतन झाली असणार. अशी यंत्रं सुरुवातीला करतात.

संध्याकाळी: सगळे फोल्डर पाहिले. प्रूफ तपासतात तसे, उलट्या बाजूने.

१८ मार्च, बुधवार

दुरुस्ती. यंत्राने काहीही केलेलं नाही.

रविवारी नळ ठिबकला तेव्हा पॉज केलं. नोंद केली. नळ बंद केला. पॉज काढलं नाही. पॉज असतानाही हेडफोनमध्ये आवाज येत राहतो, काटाही हलत राहतो. माहितीपत्रकाच्या चौदाव्या पानावर ठळक अक्षरांत दिलं आहे. ते पान मी वाचलं होतं. त्यात दोन मुद्रणदोष सापडले होते, ते कळवलेसुद्धा.

काय आहे ते सगळं ऐकलं. शनिवारचे चाळीस प्रयत्न, रविवारचा एक. एकेचाळीस वेळा शेळी दहाव्या बेटावर उतरते. चाळीस वेळा एक बाई दाराबाहेरून म्हणते, थांब आत्या, पुन्हा. दार बंद, मधे गाद्या, तरी त्या बाईचा शब्द न् शब्द स्पष्ट. कुठेही खरखर नाही.

माइक खरोखर उत्तम आहे.

आत्या सोमवारपासून मौनात. परवा ऑपरेशन.

१९ मार्च, गुरुवार

आत्याला दवाखान्यात दाखल केलं. दोन पेशंटची खोली, मधे हिरवा पडदा, पलंगाचं एक चाक वाकडं. आत्याकडे छोटी वही. लिहिलं: दोन्ही बेटं नीट आली ना?

मी म्हटलं, आवाज अगदी स्वच्छ आलाय.

हे खोटं नाही. आवाज स्वच्छ आलेला आहे. कोणाचा, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला ताण देऊ नये, हे डॉक्टरही सांगतात.

तिने लिहिलं: मग मी निवांत. माझी उशी तिने स्वतः ठोकून सरळ केली. म्हणजे तिची. लिहिताना चुकतंय.

दादा जिन्यात म्हणाला, तुझंच बरोबर होतं बरं का, मोबाइलवर हे झालं नसतं.

हे वाक्य मला दोन महिन्यांपूर्वी हवं होतं.

२० मार्च, शुक्रवार

ऑपरेशन झालं. ठीक आहे.

२३ मार्च, सोमवार

आत्या काल घरी. पूर्ण मौन.

आज जेवायच्या सुट्टीत छापखान्याच्या गोदामात कागदाच्या रिमांवर बसून आठवायचा प्रयत्न केला. बावन्न मिनिटं मी कानाला लावून ऐकली आहेत, माझ्याइतकं जवळून कोणीच ऐकलेलं नाही. आठवलं ते लिहिलं:

दहाव्या बेटावर कोणीतरी ओरडलं, कारण तिथे काटा लाल झाला. नंतर दोन सेकंद शांतता. एक पत्र होतं. ते शेळीने खाल्लं की नाही, माहीत नाही. शेवटी आत्या हसली किंवा रडली, उणे तीसच्या खाली दोन्ही सारखंच दिसतं.

सात ओळीसुद्धा भरल्या नाहीत.

२५ मार्च, बुधवार

नवा विचार. परदेशात एक कंपनी हरवलेला आवाज परत मिळवणारं सॉफ्टवेअर थेट विकते. मधे कोणी नाही. अभिप्राय चांगले. त्यांना विचारलं. उत्तर लगेच आलं: डियर कस्टमर, रेकॉर्ड झालेलं पुसलं गेलं असेल तर परत मिळतं. रेकॉर्डच न झालेलं मिळत नाही.

निदान एक तरी प्रामाणिक विक्रेता भेटला.

२८ मार्च, शनिवार

काल डॉक्टरांनी तपासलं. जखम छान भरली. एप्रिलपासून रोज दहा मिनिटं बोलायला हरकत नाही, पण आवाज कुजबुजीचाच राहणार. लांबलचक बोलणं कायमचं बंद.

आत्या रडली नाही. वहीत लिहून माझ्यापुढे धरलं: बरं झालं, तुझ्याजवळ आहे. आता मलाही ऐकायची आहे. त्या दिवशी शेवट ऐनवेळी सुचला, तू दाराबाहेर आहेस म्हणून सुचला, आणि मला तो आता धड आठवत नाही.

मी ते दोनदा वाचलं. एकही चूक नव्हती.

ठरलंय असं: शुक्रवारी, ३ एप्रिलला संध्याकाळी सगळ्यांनी आत्याकडे बसून ऐकायचं. दादा साउंडवाल्याकडून चांगले स्पीकर आणणार आहे. साउंडवाल्याने मागितले नसताना देऊ केले, म्हणाला, आत्याबाईंची गोष्ट आहे, मलाही बोलवा. त्याला बोलावलंय.

म्हणजे त्याआधी सांगावं लागेल. उद्या नाही, उद्या दादा दिवसभर तिथे असणार, त्याच्यासमोर नाही. सोमवारी छापखान्यात एका पुस्तकाचे शेवटचे फर्मे तपासायचे. मंगळवारी आत्याची ड्रेसिंगची वेळ. बुधवारी सांगितलं तर एक एप्रिल, तिला थट्टाच वाटेल. ही कारणं मी तपासून पाहिली आहेत. एक एप्रिलचं तेवढं खरं आहे.

पत्राने कळवायचं नाही. चार पानं तर नाहीच. तिच्या पलंगाशी बसून, तोंडाने, एका वाक्यात. मग तिची दहा मिनिटं मला देशील का, असं विचारायचं, आणि ती देईल तिथे 'मग?' म्हणायचं. माइक घरी राहील.

गुरुवार, २ एप्रिल. सकाळी अकरा वाजता.